फॉल क्लीनअप: ऑक्टोबरमध्येच सगळं साफ करायचं की एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट या पट्ट्यात ज्यांनी नुकतंच घर घेतलंय आणि यार्डसकटचा हा पहिलाच फॉल आहे, त्यांना ऑक्टोबर लागला की हा प्रश्न पडतोच. पानांचा ढीग पडलाय, कोनफ्लॉवर वाळून काळे झालेत, शेजारी सकाळी सकाळी ब्लोअर घेऊन सुरू, आणि दिवाळीच्या साफसफाईचा मूड आपल्या अंगात आधीच असतो, त्यामुळे वाटतं एका वीकेंडला सगळं उपटून, कापून, कागदी पिशव्यांत भरून मोकळं व्हावं. पण पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरं आणि हमिंगबर्ड दोन्ही यायला हवे असतील तर आधी एक समजून घ्या, या दोघांचं नाव लोक एका दमात घेतात खरं, पण फॉल क्लीनअपने बरंवाईट होतं ते मुख्यतः फुलपाखरांचं, हमिंगबर्डला त्याचं फारसं सोयरसुतक नाही.

हमिंगबर्डचं आधी उरकून टाकू. इकडे ईस्टला घरटं करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड, वजन जेमतेम ३ ग्रॅम. नर ऑगस्टपासूनच निघायला लागतात, माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं सप्टेंबरात, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जवळपास सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या वाटेला लागलेले असतात, त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात न थांबता पार करतात, म्हणजे सलग ८०० किलोमीटरच्या आसपास. तर तुम्ही रेक हातात घेता तेव्हा पाहुणे गेलेले असतात. त्यांच्यासाठी महत्त्वाचा महिना सप्टेंबर, तेव्हा साल्व्हिया, जंगली ज्वेलवीड, उशिरा फुललेलं कार्डिनल फ्लॉवर हे "आता संपलंच आहे" म्हणून कापू नका, कारण प्रवासाची चरबी त्यावरच साठवली जाते.

फीडरबद्दल दोन मतं ऐकू येतात, लेबर डेनंतर काढा नाहीतर पक्षी इथेच अडकून पडेल, आणि दुसरं म्हणजे राहू द्या. पहिलं चूक आहे. दिवस लहान होत जातो त्यावरून त्यांना निघायची वेळ कळते, तुमच्या साखरपाण्यामुळे कोणी थांबत नाही. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोनेक आठवडे फीडर राहू द्या, उत्तरेकडून उशिरा निघालेल्या एखाद्याला उपयोग होतो, आणि क्वचित पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड वाट चुकून नोव्हेंबरात इकडे येतो. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी, बस. गूळ नको, मध नको, लाल रंग तर नकोच (आपल्याकडे कोणीतरी "गूळ हेल्दी असतो" म्हणणारं निघतंच, पण ते माणसांसाठी).

आता फुलपाखरं, आणि इथे मात्र नीट वाचा, कारण कोण कुठे झोपतं हे कळलं की निर्णय निम्मा झालाच.

ब्लॅक स्वॉलोटेल घ्या, न्यू जर्सीचं राज्य फुलपाखरू. त्याच्या अळ्या शेपू, बडीशेप, पार्सली खातात, म्हणजे भाजीसाठी शेपू लावला असेल तर तुमच्याकडे त्या येऊन गेल्याच असतील. तिकडे कढीपत्त्यावर हिरव्या गुबगुबीत अळ्या येतात ना, त्याच खानदानातलं हे. फॉलमध्ये या अळीचा कोष होतो आणि तो अख्खा हिवाळा तसाच एखाद्या वाळक्या काडीला रेशमाच्या एका दोऱ्यावर टेकून राहतो, रंग तपकिरी, मोडलेल्या फांदीचा तुकडा वाटतो, त्यामुळे काड्या कापणाऱ्याला तो दिसतच नाही. टायगर स्वॉलोटेलचंही तेच, कोषातच हिवाळा. ग्रेट स्पँगल्ड फ्रिटिलरीच्या अळ्या फॉलमध्ये अंड्यातून निघतात आणि काहीच न खाता व्हायोलेटच्या रोपांजवळच्या पालापाचोळ्यात थेट वसंतापर्यंत पडून राहतात, आकार इतका बारीक की दिसणं अशक्य. लुना मॉथचा कोष पानात गुंडाळलेला असतो आणि पानांबरोबरच जमिनीवर. मोर्निंग क्लोक तर फुलपाखरू म्हणूनच झाडाच्या सालीखाली हिवाळा काढतं आणि मार्चमध्ये ऊन पडलं की बर्फ पूर्ण वितळायच्या आधी उडताना दिसतं. शिवाय काजव्यांच्या अळ्या आणि बंबलबीच्या राण्या, त्याही पानांखाली नाहीतर त्याखालच्या मातीत.

मोनार्क मात्र यात नाही. ते केप मेवरून झुंडीने खाली मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरांत जातात, त्यामुळे ते गेल्यावर मिल्कवीडची काडी कापलीत तरी त्यांचं काही बिघडत नाही. गंमत म्हणजे लोक मोनार्कच्या नावाने पानं ठेवतात आणि खरा फायदा बाकीच्यांना होतो.

तर पर्याय एक, ऑक्टोबरमध्ये सगळं साफ. फायदा: यार्ड टापटीप, एचओएचं (घरमालकांच्या सोसायटीचं) पत्र येत नाही, स्प्रिंगमध्ये काम कमी. तोटा: वरची सगळी मंडळी पिशवीत भरून कर्बवर. मोअर फिरवून पानांचा चुरा करणं लॉनला छान, खताचे पैसे वाचतात, पण पानातल्या कोषांचाही चुराच होतो हे लक्षात असू द्या.

पर्याय दोन, काहीच नाही करायचं. झर्सीज सोसायटीवाले (कीटक वाचवणारी संस्था) "लीव्ह द लीव्हज", म्हणजे पानं राहू द्या, म्हणतात ते ऐकून बरेच जण हा अर्थ काढतात, आणि तो मला पटत नाही. लॉनवर ओल्या पानांचा जाड थर राहिला तर गवत मरतं. टोमॅटोची रोगट झाडं, पांढरी भुरी आलेलं फ्लॉक्स आणि बी बाम, पिओनी, आयरिसची पानं (त्यावर बोरर या पोखरणाऱ्या किडीची अंडी असतात), हे सगळं काढायलाच हवं, नाहीतर पुढच्या वर्षी तोच त्रास. आणि एक जागा जिथे हमिंगबर्डचा क्लीनअपशी खरंच संबंध येतो: कार्डिनल फ्लॉवरची जमिनीलगतची हिरवी पानं हिवाळाभर उघडी लागतात, त्यावर पालापाचोळा बसला की ती कुजतात आणि त्यांचं आवडतं झाड जातं. तेवढ्यावरची पानं हाताने बाजूला करा.

टिक्सचा (गोचिडांचा) मुद्दा मला सगळ्यात सीरियस वाटतो. टिक चावून होणाऱ्या लाइम डिसीजला नावच कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलंय, आणि डिअर टिकला ओला पालापाचोळा फार आवडतो, मोठे टिक्स ऑक्टोबर-नोव्हेंबरातही चांगलेच फिरत असतात. घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर झोपाळ्याच्या आसपास, पायवाटेला, पॅटिओजवळ पानं अजिबात ठेवू नका, आणि मागे जंगल लागून असेल तर मधे तीन फुटांचा वूड चिप्सचा पट्टा टाका.

म्हणून मी तिसरंच सांगेन. पुढचं लॉन साफ, रोगट झाडं बाहेर, गटर मोकळं, आणि लॉनवरची अख्खी पानं (चुरा न करता) रेकने ओढून मागच्या बेडमध्ये (फुलझाडांच्या वाफ्यात) आणि झुडपांखाली, दोन-तीन इंचांचा थर. कोनफ्लॉवर, ब्लॅक-आयड सुसान उभे राहू द्या, गोल्डफिंच बिया खायला येतात. स्प्रिंगमध्येही काड्या जमिनीलगत न कापता फूट-दीड फूट ठेवा, पोकळ काडीत छोट्या मधमाश्या घरटी करतात. कधी कापायचं? दिवसाचं तापमान आठवडाभर ५० फॅरनहाइटच्या वर राहिलं की, असं सगळे सांगतात, पण बरेच कोष एप्रिल-मेपर्यंत फुटत नाहीत त्यामुळे जितकं लांबवता येईल तितकं बरं, आणि कापलेल्या काड्याही पिशवीत न भरता कोपऱ्यात नुसत्या रचून ठेवल्या तर जे आत आहे ते बाहेर पडतं. टाउनहाऊस आणि कडक एचओए असेल तर मागच्या कुंपणालगतचा एक कोपरासुद्धा चालेल. अर्थात तुमचं यार्ड म्हणजे नुसतं लॉन आणि दोन बॉक्सवूड असतील तर हा वाद सोडा, खुशाल साफ करा, आधी काहीतरी लावायची गरज आहे.

लावायचं असेल तर फॉल चांगला वेळ. मिल्कवीडच्या बियांना थंडी लागते म्हणून नोव्हेंबरमध्ये विखरून द्या. हमिंगबर्डसाठी कोरल हनीसकल (जपानी नव्हे, ते पसरून डोक्याला ताप). ट्रम्पेट व्हाइन त्यांना आवडतो पण भिंत, कुंपण, शेजारी काही सोडत नाही, छोट्या जागेत नकोच. नर्सरीत सेलमध्ये बटरफ्लाय बुश दिसेल, नावावर जाऊ नका, रस मिळतो पण इथल्या अळ्यांना ते खायला जवळपास कामाचं नाही आणि ते आपोआप पसरतं.

लँडस्केपर लावला असेल तर "मागच्या बेडमध्ये ब्लोअर नको" हे आधीच मेसेज करून ठेवा आणि बेडच्या कडेला दोन-चार झेंड्या खोचा, कारण क्रू वेगळा येतो. आणि सगळंच वाचवायचं नाही, झाडाच्या खोडावर, ग्रिलवर, कुंपणावर वाळलेल्या चिखलासारखा करडा डाग दिसला तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडलेला हा किडा आता सगळीकडे आहे. जुनं कार्ड घ्या, डाग खरवडून सॅनिटायझर घातलेल्या झिपलॉकमध्ये टाका, आणि ती पिशवी कचऱ्यात.