नेरळ–माथेरान मिनी ट्रेन: चढताना गाडीने, उतरताना टॅक्सीने

अंतर साधारण २१ किलोमीटर आणि वेळ अडीच तासांच्या आसपास. टॅक्सी नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा, म्हणजे खासगी वाहनं जिथे थांबतात तिथपर्यंतचा चढ अर्ध्या तासात उरकते. म्हणजे माथेरानला लवकर पोचायचं असेल तर ही गाडी बिनकामाची आहे. पण एका मुक्कामाच्या सहलीत तिला पहिल्या दिवसाची सकाळ देऊन टाकली, तर पैसे वसूल. दोन्ही बाजूंना तिनेच जायचा हट्ट मात्र करू नये. येताना मुलं दमलेली असतात, ऊन कलतं, आणि तीच वळणं उलट्या क्रमाने पाहण्यात कुणालाच रस उरत नाही.

सगळ्यात मोठी अडचण तिकिटाची. आगाऊ आरक्षण नाही. गाडी सुटण्याच्या पाऊण तास आधी खिडकी उघडते, पण रांग त्याच्या बरीच आधी लागलेली असते. गाडीला डबे सहा, तेही आखूड, आणि त्यातले दोन अर्धे सामानाचे. त्यामुळे शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी किंवा डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर रांगेतला मागचा भाग कोरडाच परततो. घरातल्या एकाने रांगेत उभं राहावं, बाकीच्यांनी नाश्ता उरकावा. तिकीट नाही मिळालं तर पुढच्या गाडीच्या आशेवर तासभर बसून राहू नये. स्टेशनाबाहेरच टॅक्सी असतात, त्या सीटवर भरतात. दस्तुरीला उतरून थोडं चाललं की अमन लॉज स्टेशन, आणि तिथून माथेरानपर्यंत शटल. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास असला तरी मुलांची ‘छोटी गाडी’ होऊन जाते.

नेरळला येतानाच अनेकांची चूक होते. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलच धरायची. घाईत कसारा लोकलमध्ये चढलात तर ती कल्याणनंतर दुसऱ्याच दिशेला जाते. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकलने भिवपुरी रोडमार्गे मागे नेरळला यावं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या नेरळला थांबत नाहीत.

आता गाडीबद्दल. रूळ दोन फुटी. समोरासमोरच्या बाकांवर चार मोठी माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागतो, मधे बॅग ठेवायला जागा उरत नाही. डब्यात स्वच्छतागृह नाही, त्यामुळे लहान मुलांना आणि मधुमेही आजोबांना नेरळलाच जाऊन येऊ द्यावं. वेग इतका कमी की पंख्याची उणीव पहिल्या टप्प्यात चांगलीच जाणवते. वाटेतलं जुम्मापट्टी स्टेशन मागे पडल्यावर हवा बदलू लागते. डावी बाजू चांगली की उजवी, यावर भांडू नका. रूळ सारखे उलटसुलट वळतात, त्यामुळे दरी कधी या खिडकीत तर कधी त्या खिडकीत. तीव्र वळणावर मागच्या डब्यातून स्वतःच्याच गाडीचं इंजिन समोर दिसतं आणि चाकं रुळाला घासून किंचाळतात. मुलांना नेमकं हेच आवडतं. वाटेत एकच बोगदा, तोही क्षणात संपणारा. मळमळ होणाऱ्यांना वळणांचा त्रास इथे टॅक्सीपेक्षा कमी, कारण धक्के नाहीत आणि वेग नाही.

माकडांचं मात्र गंभीरपणे घ्या. वाटेतल्या थांब्यांवर वेफर्सचं पाकीट खिडकीपाशी धरलं की ते गेलंच समजा. खाणं बॅगेत, बॅगेची चेन बंद, आणि हातात फक्त पाण्याची बाटली.

ही लाइन १९०७ साली सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांच्या मुलाच्या चिकाटीने. तेव्हापासून तिचा शत्रू एकच, पाऊस. २००५च्या जुलैतल्या पावसाने ती मोडली ती २००७ मध्ये उभी राहिली. २०१९च्या पावसानंतर नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. म्हणून साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ–माथेरान फेऱ्या बंदच धराव्यात. त्या काळात अमन लॉज शटल हाच आधार, आणि मुसळधार पावसात तीही थांबू शकते. दिवाळीच्या सुट्टीचं हॉटेल ठरवण्याआधी फेऱ्या सुरू झाल्याची खात्री करा.

सामानाचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण दस्तुरीच्या पुढे खासगी वाहन जात नाही. चाकांची मोठी बॅग तांबड्या मातीत रुतते, चाकांत खडे अडकतात. माणशी एक पाठपिशवी, फार तर सात-आठ किलो. हमाल, घोडा, ई-रिक्षा हे पर्याय आहेत; भाव आधी ठरवा आणि सुटे पैसे ठेवा. नगरपरिषदेचा प्रवेशकर वेगळा भरावा लागतो. पांढरे बूट आणि पांढरी पँट घरी ठेवा, ती धूळ धुतली तरी पूर्ण जात नाही.

हॉटेल घेताना ‘स्टेशनपासून चालत किती’ एवढा एकच प्रश्न नेटाने विचारा. अनेक ठिकाणी दर जेवणासकट असतात. मुलं काय खातात ते आधी सांगून ठेवलेलं बरं. दुपारी पोचल्यावर शार्लोट तलाव आणि लुईसा पॉइंट एवढंच पुरे. पॅनोरमा पॉइंट लांब आहे, तो दुसऱ्या दिवशी पहाटे, तेही पाय धड असणाऱ्यांनी. सूर्यास्ताला गेलात तर टॉर्च हवाच. परतीच्या झाडीत लगेच अंधार पडतो.

परतताना अमन लॉजपर्यंत शटल, मग दस्तुरीहून टॅक्सी. रविवारी संध्याकाळी कर्जतकडून येणाऱ्या लोकल नेरळला भरूनच येतात, म्हणून चारच्या आत प्लॅटफॉर्मवर असलेलं चांगलं.