झिर्कोनियाची डिस्क, बर आणि भट्टी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या आमच्या छोट्या डेंटल लॅबमध्ये झिर्कोनिया (दातांच्या कॅपसाठी वापरतात ते पांढरं सिरॅमिक) पाण्याविना कोरणारं पाच अक्षांचं ड्राय मिलिंग मशीन आणि कोरलेली कॅप तापवून घट्ट करणारी सिंटरिंगची भट्टी आली त्याला आता आठ महिने झाले. त्याआधी चौदा वर्षं मी मेणात कॅप घडवून कास्टिंग करत होते आणि पीएफएमवर, म्हणजे धातूच्या कॅपवर, पोर्सेलीन चढवत होते. नव्या लॅबवाल्यांचे फोन येतात, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : कॅप जिच्यातून कोरतात ती झिर्कोनियाची डिस्क कुठली घेऊ? मला तरी आता वाटतं की डिस्कच्या आधी बरचा, म्हणजे मशीनमधल्या कोरणाऱ्या हत्याराचा, आणि भट्टीचा विचार करावा.

तरी डिस्कपासूनच सुरुवात करते. आम्ही ९८ मिमीच्या दोन प्रकारच्या डिस्क वापरतो. दाढांना आणि ब्रिजला (एकमेकींना जोडलेल्या कॅपना) ३वाय. पुढच्या दातांना बहुस्तरीय, म्हणजे हिरडीजवळच्या मानेकडे ३वाय आणि चावणाऱ्या कडेकडे ५वाय. हा आकडा यट्रियाचं, म्हणजे झिर्कोनियात मिसळलेल्या ऑक्साइडचं, प्रमाण सांगतो. यट्रिया वाढलं की प्रकाश जास्त आरपार जातो, पण ताकद उतरते. ३वाय हजार मेगापास्कलच्या वर जातं, ५वाय साधारण सहाशेच्या आसपास राहतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा सर्वांत मजबूत थराचा असतो, हे विकत घेताना जरूर विचारा.

बहुस्तरीय डिस्कमध्ये नेस्टिंग करताना, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये डिस्कमधली जागा ठरवताना, कॅप किती उंचीवर बसवली, यावर शेड, म्हणजे रंगछटा, ठरते. पहिल्या महिन्यात आमचे दोन सेंट्रल इन्सायझर (पुढचे मधले दात) तोंडात राखाडी दिसले. डिस्क चांगली होती. मीच ते वरच्या, जास्त आरपार दिसणाऱ्या थरात सरकवले होते आणि खालचा दात काळवंडलेला होता. तेव्हापासून कॅपसाठी घासलेल्या दाताचा फोटो शेड गाइडसकट (रंगांच्या नमुन्यांसकट) मागवते, फोटो नसेल तर केस हातात घेत नाही.

सिंटरिंगमध्ये झिर्कोनिया वीसेक टक्के आकसतं, म्हणून सॉफ्टवेअर कॅप तेवढी मोठी करून कापतं. किती मोठी, तो फॅक्टर प्रत्येक बॅचचा वेगळा असतो आणि डिस्कवरच छापलेला असतो. एकदा डिस्क बदलली, फॅक्टर जुन्याच डिस्कचा राहिला आणि चार युनिटचा, म्हणजे चार दातांचा, ब्रिज मॉडेलवर बसेचना. आता एक जण डिस्कवरचा आकडा मोठ्याने वाचतो, दुसरा तो स्क्रीनवर टाकतो आणि परत वाचून दाखवतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, त्यानंतर ही चूक एकदाही झालेली नाही.

आता बर. डायमंड कोटिंगचे तीन लागतात : २ मिमी, १ मिमी आणि ०.६ मिमी. सुरुवातीला आम्ही स्वस्त संच घेतला. तिसऱ्या आठवड्यात इथल्याच एका डॉक्टरांचा फोन आला, "ताई, मार्जिनवर प्रोब अडकतोय." मार्जिन म्हणजे कॅपची दाताला मिळणारी कड, प्रोब म्हणजे ती तपासायची टोकदार सळी. कॅप परत मागवून दहा पटीच्या भिंगाखाली धरली. कड उंदराने कुरतडल्यासारखी होती, बारीक बारीक टवके उडालेले. बर बोथट झाला होता. मशीन आवाज बदलत नाही, थांबत नाही, ते कापतच राहतं. आणि सिंटर होण्याआधीचं झिर्कोनिया खडूसारखं असतं, बोथट बर ते कापत नाही, ओरबाडतो. मी दुपटीहून महाग संच आणला आणि कुठल्या बरने किती युनिट कापले ते वहीत लिहू लागले. ठरलेला आकडा आला की बर बदलायचा, मग तो वरून कितीही चांगला दिसो. मार्जिनसाठी परत येणाऱ्या केस जवळजवळ थांबल्या. आठ महिन्यांत यापेक्षा सार्थकी लागलेला खर्च दुसरा नाही.

भट्टीने मला सर्वांत जास्त रडवलं. पावसाळ्यात एका सकाळी दार उघडलं तर सहाच्या सहा कॅप हिरवट पिवळ्या. तीच ए-२ शेड, तीच बॅच, तोच प्रोग्राम. भट्टीतल्या हीटरच्या कांड्या मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या असतात. त्यांच्यावर काचेसारखा सिलिकाचा थर असतो, तो उडाला की कांडीतून निघणारी अशुद्धी कॅपवर बसते. रंगद्रव्य लावलेल्या कॅप नीट न वाळवता आत ठेवल्या तर त्यांची वाफही आतच राहते. उपाय म्हणजे भट्टीची शुद्धीकरण फेरी : आत पांढऱ्या झिर्कोनियाचे टाकाऊ तुकडे ठेवायचे आणि पूर्ण तापमानाला एक फेरी घ्यायची. ती आता महिन्यातून दोनदा होते. रंगवलेल्या कॅप आधी दिव्याखाली पूर्ण वाळवतो.

दुसरी अडचण लाईटची. रात्री भट्टी १५०० अंशांवरून उतरत असताना लाईट गेली आणि तीन युनिटचा ब्रिज वाकडा झाला. मॉडेलवर ठेवला की डुलायचा. आता लांब ब्रिज दिवसा लावतो, जनरेटर सांगून ठेवतो. झटपट सिंटरिंगचा प्रोग्राम भट्टीत आहे, पण तो फक्त एकेका कॅपला, तोही ती डिस्क त्यासाठी चालते असं कंपनीने लिहिलेलं असेल तरच.

व्हेनीअरला, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्याला, मी अजून लिथियम डायसिलिकेटच (काचेसारखं सिरॅमिक) वापरते. जांभळट ब्लॉक बाहेरून वेट मिलिंग करून (पाणी सोडत कोरून) येतो, क्रिस्टलायझेशन (तापवून स्फटिक घडवणं) आमच्याकडे, साधारण ८४० अंशांवर. चावणाऱ्या कडेचा जिवंतपणा झिर्कोनियात अजून तसा येत नाही.

राहिलं डॉक्टरांच्या हातातलं काम. कित्येक जण चावा जुळवताना झिर्कोनिया घासतात आणि तसंच चिकटवतात. तो खरखरीत भाग समोरचा दात झिजवतो. म्हणून आता झिर्कोनियाच्या प्रत्येक डबीत मी एक छापील चिठ्ठी ठेवते : "घासलंत तर झिर्कोनियाच्या रबराने चकचकीत पॉलिश करा. आतून हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावू नका, झिर्कोनियाला त्याने पकड येत नाही. ट्रायलनंतर लाळ लागली असेल तर फॉस्फोरिक ॲसिडने धुऊ नका, ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने हलक्या दाबावर सँडब्लास्ट करा, मग एमडीपीचा, म्हणजे झिर्कोनियाला धरणारा, प्रायमर. शंका असेल तर चिकटवण्याआधी फोन करा, रात्री नऊपर्यंत मी लॅबमध्येच असते."