कोरियन फ्री-टू-प्ले गेम, आठ महिने आणि ११,३४० रुपये

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मित्राने लिंक पाठवली आणि मी मोबाइलवर एक कोरियन ऑनलाइन आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन त्याला वाढवत न्यायचा गेम, टाकला. गेमचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते त्या एका गेमपुरतं नाही. त्याच जातीचे आणखी तीन-चार गेम चाळून पाहिले, सगळीकडे तीच रचना. आठ महिने जवळजवळ रोज खेळलो, लेव्हल ७४ गाठली. डायरीत मांडलेला खर्च ११,३४० रुपये. डाउनलोड फुकट होतं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. पावसात भिजलेलं बंदर, त्यातले कंदील, धनुर्धारीने बाण ओढल्यावर फोनला येणारी बारीक थरथर, सगळं मन लावून केलेलं आहे. पहिले सहा आठवडे एक रुपया लागत नाही. कथा पुढे जाते, बॉस म्हणजे मोठे शत्रू पडतात, गिल्ड म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी मिळते. आमच्या गिल्डमध्ये ३४ जण होते, बहुतेक मराठी. म्होरक्या कोल्हापूरचा, सगळे त्याला दादाच म्हणायचे.

साठाव्या लेव्हलनंतर गाडी अडते. पुढच्या नकाशात शिरायला शस्त्र प्लस सात, म्हणजे सात पायऱ्या वर चढवलेलं, लागतं आणि तिथून सगळा खेळ एन्हान्सवर, म्हणजे स्टोन घालून घण मारायचा आणि शस्त्र एक पायरी चढतं का ते बघायचं यावर, येतो. अशा गेमना पे-टू-विन म्हणजे 'पैसे भरा, जिंका' म्हणतात, म्हणजे पैसेवाल्याला दुकानात भारी शस्त्र मिळतं, असं मला आधी वाटायचं. दुकान उघडून पाहा, धनुष्य कुठेच विकायला नाही. विकायला आहेत अपग्रेड स्टोन, म्हणजे आणखी एकदा मारून बघायची संधी.

फेब्रुवारीतली एक रात्र सांगतो. अकरा आठवडे डेली क्वेस्ट, म्हणजे गेमने दिलेली रोजची कामं, करून मी ४० स्टोन जमवले होते. एका वेळी ४ स्टोन जातात, यशाची शक्यता १० टक्के. म्हणजे दहा वेळा मारता येणार होतं. घण पडतो, ठिणग्या उडतात, क्षणभर स्क्रीन काळी होते आणि मग काच तडकल्यासारखा आवाज येतो. दहाही वेळा तोच आवाज आला. दहाव्या फेलला धनुष्य प्लस सहावरून प्लस पाचवर उतरलं. आवाज विरायच्या आत चौकट आली : ४० स्टोन, ४४९ रुपये, ऑफर फक्त ५९ मिनिटं.

माझ्या अकरा आठवड्यांची किंमत त्या चौकटीत लिहिलेली होती. राग आला तो त्याचा. तरीही घेतलं. त्या रात्री तीन वेळा घेतलं, तेव्हा कुठे प्लस सात झालं.

दुसऱ्या दिवशी शांतपणे हिशेब केला. १० टक्के म्हणजे दहात एक तरी लागणारच, असं आपण धरून चालतो. पण दहाच्या दहा वेळा फेल जाण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के असते. वीस वेळा मारूनही न लागण्याची १२ टक्के. म्हणजे माझ्यासारखी रात्र दर तीन जणांमागे एकाची तरी होते, आणि ऑफरची चौकट नेमकी त्याच वेळी दारात उभी असते. काही गेममध्ये निदान मर्यादा असते. लॉस्ट आर्क या गेममध्ये प्रत्येक अपयशाला एक पट्टी भरत जाते आणि ती पूर्ण भरली की पुढचा प्रयत्न नक्की लागतो. माझ्या गेममध्ये तसं काही नव्हतं.

कोरियातल्या खेळाडूंनी हे फार आधीपासून सोसलंय. तिथे लिनेज या गेमवर भरमसाट पैसा ओतणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांसाठी 'लिनजोशी' असा शब्दच रूढ आहे, लिनेज आणि 'आजोशी' म्हणजे काका, हे दोन शब्द जोडून केलेला. सर्वांत गाजलं ते मेपलस्टोरी या गेमचं प्रकरण. त्यात शस्त्राचे गुण नव्याने पाडणारे क्यूब विकले जायचे. कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये तो गेम चालवणाऱ्या नेक्सॉन कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड ठोठावला. २०१० पासून हव्याहव्याशा गुणांची शक्यता न सांगता कमी केली गेली होती, आणि २०११ ते २०२१ या काळात काही जोड्यांची शक्यता चक्क शून्य ठेवली होती, असं त्या निर्णयात म्हटलंय. पेटीत नसलेली वस्तू लोक दहा वर्षं पैसे देऊन शोधत होते. २२ मार्च २०२४ पासून तिथे अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. माझ्या गेममध्ये ते आकडे मेनूत चार पायऱ्या आत, बारीक अक्षरांत आहेत. नव्या खेळाडूने पहिल्याच दिवशी ते पान शोधून वाचावं.

खर्चापेक्षा मला जास्त लागलं ते दोन गिल्डमधल्या किल्ल्याच्या लढाईचं. सर्व्हर सिंगापूरच्या वेळेवर चालतो, तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. सातपूरहून सहाला सुटून मी धावतपळत घरी यायचो. तीन आठवडे आम्ही आखणी केली होती, कोण दार अडवणार, कोण मागून येणार. समोरच्या गिल्डचे १९ जण होते. त्यांच्या पुढाऱ्याचं शस्त्र प्लस बारा. आम्ही बारा जण एकदम त्याच्यावर तुटून पडलो आणि त्याच्या रक्ताची पट्टी जेमतेम हलली. चार मिनिटांत सगळे आडवे. व्हॉइस चॅनेलवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दादा म्हणाला, "पोरांनो, डावपेच बरोबर होते रे आपले." पुढच्या दोन आठवड्यांत नऊ जण गेम सोडून गेले.

त्या समोरच्या माणसावर माझा राग नाही. त्यानेही कुठल्या तरी रात्री तोच काच तडकल्याचा आवाज ऐकला असणार, फक्त माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा.

खेळायचंच असेल तर माझं सांगणं एवढंच. बॅगेतली जागा आणि महिन्याचा पास यांवरचा खर्च मला पटला, कारण काय मिळणार ते आधी कळतं. स्टोन मात्र कधीच घेऊ नका, आणि घड्याळ लावलेली ऑफर तर बघूसुद्धा नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे आणि महिन्याचं बजेटही ठरवता येतं, ही दोन्ही आधी चालू करा. घरातलं शाळकरी पोर खेळत असेल तर यूपीआय त्या फोनवर ठेवूच नका.

गेम मी काढलेला नाही. एप्रिलपासून एक रुपया टाकलेला नाही. गिल्डमध्ये आता सोळा जण उरलोत, किल्ल्याला जात नाही, रविवारी सकाळी चहा घेऊन जुनी डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेली तळघरं, करतो. धनुष्य प्लस सातवरच आहे. स्टोन २८ जमलेत.