रिंगा कोणत्या घ्यायच्या? फिलर गेज, व्हर्नियर, टेलिस्कोपिक की बोअर गेज

मोटरसायकलचा निळा धूर, दर पंधरवड्याला ओतावं लागणारं ऑइल आणि हलकी झालेली किक. ही तीन दुखणी एकत्र आली की आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात पारावरचा प्रत्येक जण मेकॅनिक होतो आणि सल्ला एकच मिळतो, "रिंगा टाकी दे भो, चाली जाई." चालतेही. दोन-तीन महिने. मग पुन्हा तोच धूर, आणि शिव्या खातो रिंगा विकणारा दुकानदार.

रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीचं, सिलिंडरला टेकून गळती थांबवणारं कडं, बहुतेक वेळा निर्दोष असते. सिलिंडर मोजला गेलेला नसतो, किंवा चुकीच्या ठिकाणी मोजलेला असतो. घरी मोजायचं तर साधनं चार आहेत आणि चारही उपयोगाची आहेत, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळा. मी ती चारही वापरलीत, एक तर चुकीचं विकत घेऊन बसलो, ते पुढे सांगतो.

हेड उघडायच्या आधी एक करा. प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, प्लग परत लावा आणि किक मारून बघा. किक जड झाली तर गळती रिंगा-सिलिंडरमधून आहे. काहीच फरक पडला नाही तर आधी व्हॉल्व्ह बघा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एकदाच भपकारा सोडला आणि नंतर ती साफ चालली, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर घ्या. त्यासाठी ब्लॉक (सिलिंडर) उतरवायची गरज नाही.

आता सिलिंडर टेबलावर आहे असं धरू. तो सगळीकडे सारखा झिजत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. पिस्टन वर पोचतो, क्षणभर थांबतो आणि परततो. त्या क्षणी वरच्या रिंगेवर स्फोटाचा दाब सर्वांत जास्त, उष्णता सर्वांत जास्त आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ. त्यात एअर फिल्टर फाटका असला तर आपल्या रस्त्यांवरचा फुफाटाही आधी तिथेच घासतो. त्यामुळे झीज वर जास्त आणि खाली जवळपास नाही. दुसरं असं की कनेक्टिंग रॉड तिरपा होऊन पिस्टनला बाजूला ढकलतो, म्हणून पिस्टन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या दांडीच्या) आडव्या दिशेला झीज जास्त होते. गोल भोक वरून लंबगोल होतं. अगदी वरच्या काठाला, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ मापाची एक पट्टी शिल्लक राहते. नखाने चाचपलं तर तिची कड लागते.

यातून माझा हिशेब निघतो: रिंग कोणत्या मापाची हे सिलिंडरचं खालचं माप सांगतं, आणि नुसत्या रिंगांवर भागेल का हे वरचं. कोणतं साधन या दोनपैकी कशाचं उत्तर देतं, एवढंच बघायचं.

फिलर गेज सर्वांत स्वस्त. दोन-तीनशे रुपयांत वेगवेगळ्या जाडीच्या पानांचा जुडगा मिळतो आणि बऱ्याच घरांत टॅपेट सेट करायला तो असतोच. नवीन स्टँडर्ड (मूळ मापाची) रिंग सिलिंडरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि दोन टोकांमधली फट पानांनी मोजा. आधी अगदी खाली, जिथे रिंग घासत नाही. मग वर, त्या कडेच्या लगेच खाली. वरच्या फटीतून खालची वजा करा आणि ३.१४ ने भागा. वरचा व्यास खालच्यापेक्षा किती वाढलाय ते मिळालं.

गंमत अशी की हा गरिबाचा मायक्रोमीटर वाटतो त्यापेक्षा बारीक मोजतो. व्यास एक शतांशाने (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने) वाढला तर फट तीन शतांशांनी वाढते, म्हणजे झीज तिपटीने मोठी होऊन दिसते. ०.०५ चं पान घट्ट-सैल लागण्यातला फरक ओळखता येणाऱ्याला व्यासातले दोन शतांश सहज कळतात.

याची दोन दुखणी. जुनी रिंग वापरली तर सगळं फसलं, कारण ती स्वतः झिजलेली असते आणि रिंगेची झीज सिलिंडरच्या नावावर चढते. दुसरं मोठं दुखणं म्हणजे रिंग परिघ मोजते. लंबगोल भोकाचा परिघ सरासरी सांगतो, एका बाजूला किती खोल गेलंय ते सांगत नाही. याचा फटका कसा बसतो ते माझ्याच गाडीवर दाखवतो, पण आधी बाकीची साधनं.

व्हर्नियरबद्दल थोडक्यात. झीज मोजायला तो निरुपयोगी. त्याचे आतल्या मापाचे जबडे सरळ असतात, ते वरच्या न झिजलेल्या काठालाच टेकतात आणि खालचा खड्डा तसाच राहतो. पण म्हणूनच त्याचं एक काम पक्कं: सिलिंडर मुळात कोणत्या मापाचा ते तो सांगतो. जुनी गाडी घेतलीय, आधीच्या मालकाने बोअर केलाय का, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा केलाय का, माहीत नाही, अशा वेळी काठावर व्हर्नियर लावा. ५०.०, ५०.२५ की ५०.५ एवढा फरक त्याला कळतो. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला की बहुतेक वेळा तिथेही ०.२५ किंवा ०.५० असा आकडा ठोकलेला दिसतो. दोन्ही जुळले की स्टँडर्ड रिंग मागायची की ओव्हरसाइज (मोठ्या मापाची) हा प्रश्न सुटला. ही पायरी गाळून दुकानात जाणाऱ्यांनी मोजण्याच्या भानगडीतच पडू नये.

टेलिस्कोपिक गेज म्हणजे टी आकाराची दांडी, आडव्या हातात स्प्रिंग. तिरपी करून आत घालायची, हलकं लॉक करायचं, एकदाच झुलवून सरळ रेषेतून पार करायची, बाहेर काढून मायक्रोमीटरने तिची लांबी मोजायची. हिने वर, मध्ये, खाली आणि पिनच्या उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना मापं घेता येतात, म्हणजे लंबगोलपणा दिसतो. पण हिला हात बसावा लागतो. पहिल्या दिवशी एकाच जागी पाच वेळा मोजलं तर पाच आकडे आले. मी तेव्हा गेजला दोष दिला. आठवडाभराने तेच गेज दोन शतांशांच्या आत खेळायला लागलं.

आणि माझी चूक. ५० मिमी बोअरची (सिलिंडरच्या आतल्या व्यासाची) गाडी म्हणून मी ऑनलाइन २५ ते ५० चा मायक्रोमीटर मागवला. झिजलेला सिलिंडर ५० च्या वरच जाणार हे डोक्यात आलंच नाही. पार्सल उघडलं, गेज धरलं, थिंबल (मायक्रोमीटरची फिरवायची नळी) शेवटपर्यंत सोडलं तरी ते जबड्यात मावेना. ५० ते ७५ चा पुन्हा घ्यावा लागला. त्याच्या खोक्यात ५० मिमीची एक दांडी येते, ती शून्य तपासायला असते. फेकू नका.

बोअर गेज, ज्याला आपले बोअरिंगवाले नुसतं 'डायल' म्हणतात, तो या सगळ्यांचा बाप. आधी मायक्रोमीटरवर ठरावीक मापाला शून्य लावायचं, मग सिलिंडरमध्ये घालून पुढे-मागे झुलवायचं. काटा ज्या जागी जाऊन उलटा फिरतो, तो खरा व्यास. वरून खाली सरकवत नेलं की झीज कुठे सुरू होते ते डोळ्यांसमोर दिसतं. एका सिलिंडरसाठी मात्र हा विकत घेणं मला पटत नाही. साधारण प्रतीचाही काही हजारांना पडतो, शून्य लावायला मायक्रोमीटर लागतोच, आणि त्याची रेंज बघून घ्यावी लागते: मोटरसायकलला ३५ ते ६० वाला आणि पंपाच्या इंजिनाला ५० ते १६० वाला. त्यापेक्षा सिलिंडर पिशवीत घालून बोअरिंगवाल्याकडे जा. ओळखीचा असेल तर चहावर मोजून देतो. फक्त आकडे लिहून घ्या, "बोअर गेला" एवढ्यावर परतू नका.

मोजण्याची वेळही बघा. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) दर मीटरमागे दर अंशाला सुमारे ११ मायक्रॉन प्रसरण होतं. सिलिंडर आणि मायक्रोमीटर यांच्यात वीस अंशांचा फरक असला तर ५० मिमीच्या मापात एक शतांश चुकतो, ८० मिमीच्या इंजिनात जवळपास दोन. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तापलेला सिलिंडर आणि घरातल्या कपाटातून आणलेला मायक्रोमीटर, यांचं जमणार कसं? दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. बीड आणि पोलाद जवळपास सारखंच वाढतं, त्यामुळे दोघांचं तापमान सारखं असलं की पुरे.

आता माझी गाडी. जुनी स्प्लेंडर, ५० मिमी बोअर. नव्या स्टँडर्ड रिंगेची फट खाली ०.२०, वर ०.५५. फरक ०.३५, भागिले ३.१४, म्हणजे ०.११. मी मनात म्हटलं, ०.११ झीज, मग ०.२५ चा बोअर आरामात निघेल. पिस्टन-रिंगा ०.२५ च्या घेऊनच टाकू. नशिबाने दुकान बंद होतं.

दुसऱ्या दिवशी डायल लावला तर वर पिनच्या दिशेला ५०.०६ आणि आडव्या दिशेला ५०.१८. खाली दोन्हीकडे ५०.०१. बघा, ५०.०६ आणि ५०.१८ ची सरासरी ५०.१२, खालच्यापेक्षा ०.११ जास्त. फिलर गेज खोटं बोलला नव्हता. त्याने सरासरी सांगितली, आणि बोअरिंगच्या टूलला सरासरी नाही, सर्वांत खोल जागा साफ करायची असते. ०.२५ ला बोअर घेतला तर ५०.१८ च्या वर व्यासात ०.०७ उरतात, एका बाजूला जेमतेम ०.०३५. झीज दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि शेवटी होनिंगलाही (दगडाने घोटायलाही) थोडा माल ठेवावा लागतो. बोअरिंगवाला म्हणाला, काळा डाग राहील, सरळ ०.५० वर जाऊ. घेतलेला ०.२५ चा पिस्टन मग कपाटात शोभेला राहिला असता.

मधला मार्ग म्हणून एक उपाय आपल्याकडे फार चालतो: बोअर न करता मोठी रिंग टाकायची आणि टोकं कानशीने घासायची. याचा हिशेब एकदा करून बघा. ०.२५ ओव्हरसाइज रिंगेचा परिघ सुमारे ०.७९ ने जास्त. सिलिंडर खाली अजून स्टँडर्डच आहे, तिथे फट उरणारच नाही, टोकं एकमेकांवर आदळून रिंग तुटेल किंवा सिलिंडर ओरखडेल. म्हणून खाली योग्य फट येईपर्यंत घासायची. घासून झालं की वरची फट किती? स्टँडर्ड रिंगेची होती तेवढीच! वरच्या आणि खालच्या परिघातला फरक सिलिंडरचा आहे, तो कानशीने कमी होत नाही. पैसे मोठ्या रिंगेचे, काम स्टँडर्डचं, आणि गोलाई बिघडलेली ती वेगळीच.

मग नुसत्या रिंगांवर कधी भागतं? मोटरसायकलच्या सर्व्हिस बुकांत सिलिंडरची हद्द बऱ्याचदा मूळ मापाच्या वर ०.१० च्या आसपास असते. तुमच्या गाडीचं पुस्तक मिळालं तर तेच प्रमाण. सर्वांत खोल जागा त्याच्या आत असेल, लंबगोलपणा थोडका असेल, पिस्टनच्या खाचेत नवी रिंग ढिली नसेल, तर स्टँडर्ड रिंगा बिनधास्त टाका. खाचेतला वावही फिलर गेजने बघायचा. ०.१५ चं पान आरामात जात असेल तर पिस्टन गेला, रिंग कितीही चांगली असो. आणि वरची कड ठळक असेल तर ती काढल्याशिवाय नवी रिंग टाकू नका. जुन्या रिंगेचा कोपरा त्या कडेबरोबर झिजलेला असतो, नवीचा तीक्ष्ण कोपरा तिला धडकतो.

पंपाच्या डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. नदीवर किंवा विहिरीवर ठेवलेल्या, लायनर (सिलिंडरची आतली नळी) बदलता येणाऱ्या इंजिनात बोअर करायचा नसतोच. लायनर, पिस्टन आणि रिंगांचा किट एकत्र बदलतात. तिथे प्रश्न एवढाच, यंदा केळीला पाणी देईपर्यंत नुसत्या रिंगांवर ओढायचं की किट टाकायचा. त्यासाठी नवी रिंग आणि फिलर गेज पुरतं. डायल शोधत हिंडायची गरज नाही, लंबगोलपणाचा नेमका आकडा कळूनही निर्णय बदलत नाही. माझ्या मावसभावाने यावलजवळच्या मळ्यात असंच केलं: ८० मिमी बोअर, फटीतला फरक ०.२५, म्हणजे व्यासात ०.०८. रिंगा टाकल्या आणि हंगाम काढला.

मोटरसायकल असेल आणि बोअरचा विचार असेल तर फिलर गेजवर थांबू नका, एकदा डायलखाली घाला. ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या, फवारणीचा पंप, शेजाऱ्यांचीही कामं असतील त्याने टेलिस्कोपिकचा सेट आणि योग्य रेंजचा मायक्रोमीटर घ्यावा, पैसे वसूल होतात. नव्या पद्धतीचे मुलामा दिलेले सिलिंडर, किंवा यामाहा आर१५ सारखे लायनर नसलेले डायसिल (ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे) सिलिंडर मात्र नेहमीसारखे बोअर करायचे नसतात. ते मोजायचे फक्त ठेवायचे की बदलायचे हे ठरवायला.

बोअरला द्यायचं ठरलं तर सिलिंडर एकटा देऊ नका. पिस्टन आधी विकत घ्या आणि सोबत द्या. खोक्यावर ०.५० लिहिलं असलं तरी प्रत्येक कंपनीचा पिस्टन शतांशाने इकडेतिकडे असतो, आणि चांगला बोअरिंगवाला हातातला पिस्टन स्कर्टवर (खालच्या घेरावर), पिनच्या आडव्या दिशेला मोजूनच शेवटचा हात मारतो. परत आल्यावर नव्या रिंगा नव्या बोअरमध्ये घालून फट एकदा मोजा. माझ्या एका रिंगेची फट ०.१० निघाली, पुस्तकातल्या मापापेक्षा कमी. बारीक कानशीचे चार हात मारून ती ०.१८ वर आणली, तेव्हाच ब्लॉक चढवला.