बोअरवाल्याने पाहिलेलं वाफेचं वीजघर : हेलिसहेइदी, आइसलँड

सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात मी एकतीस वर्षं बोअरची गाडी चालवली. मे महिन्यात मुलीकडे आइसलँडच्या राजधानीला, रेक्याविकला गेलो होतो. लोक त्या देशात धबधबे बघायला जातात, निळ्या पाण्याच्या कुंडात डुंबायला जातात. मी मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला बोअर दाखव. तिने गाडी काढली आणि हेलिसहेइदीच्या भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजघरात नेलं. तिथे लोकांसाठी एक कायमचं प्रदर्शन आहे. तिकीट लागतं, पण माझ्या मते ते वसूल होतं.

शहरापासून अंतर साधारण तीस किलोमीटर. रस्ता मोठा, हायवेच आहे. शेवाळलेल्या काळ्या दगडाच्या माळातून जाता जाता लांबूनच वाफेचे लोट दिसायला लागतात. मग पाइप दिसतात. जाडजूड, वरून पत्र्याचं कवच घातलेले, आणि सरळ न जाता ठरावीक अंतरावर काटकोनात वळलेले. मला वाटलं, खाली काही अडचण असेल. तसं नाही. वाफ सोडली की पाइप तापतो आणि लांब होतो, त्या वाढीला जागा मिळावी म्हणून ही वळणं. बोअरच्या तोंडावर अर्ध्या चेंडूसारख्या गोल झोपड्या बांधल्यात. गाडी थांबवायला लावून मी एकीपाशी पाच मिनिटं उभा राहिलो. वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. त्या झोपडीच्या खाली दोन-तीन हजार मीटरचं भोक आहे, म्हणजे आपल्या हिशोबात साडेसहा ते दहा हजार फूट. आमची गाडी आठशे फुटांवर गेली की गावात चर्चा व्हायची.

इमारतीत शिरलं की मोठ्या काचेतून टर्बाइनचा हॉल दिसतो. पंचेचाळीस मेगावॅटची सहा टर्बाइन आणि तेहेतीस मेगावॅटचं एक, मिळून ३०३ मेगावॅट. ते सातवं मला फार आवडलं. बोअरमधून वाफ आणि पाणी एकत्र वर येतं. दोन्ही वेगळं करतात, वाफ सहा टर्बाइनना जाते. उरलेलं पाणी इतकं तापलेलं असतं की त्याच्यावरचा दाब कमी केला की त्यातून पुन्हा वाफ निघते, त्यावर हे सातवं फिरतं. एवढं झाल्यावरही जी उष्णता उरते तिच्यावर जवळचं थंडगार भूजल तापवतात आणि लांबलचक पाइपने शहराला देतात. वाटेत ते फारसं निवत नाही. मुलीच्या घरातल्या रेडिएटरवर मी रोज सकाळी हात ठेवून बसायचो, त्यामागे एवढं सगळं आहे हे तिथे कळलं.

वास येतो, सडक्या अंड्यासारखा. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. आता हा वायू आणि त्याच्याबरोबर वर येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून पुन्हा खडकात सोडतात. या कामाचं नाव कार्बफिक्स. त्याचा नमुना प्रदर्शनात ठेवलाय आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. काळ्या दगडाची दंडगोल कांडी, मनगटाएवढी जाड, आणि तिच्यावरच्या प्रत्येक बारीक छिद्रात पांढरं काहीतरी भरलेलं. मी मुलीला म्हटलं, अगं हा तर आपलाच दगड! जतच्या बोअरमधून असाच काळा पाषाण आणि त्यात पांढरे खडे वर येतात. हात लावून बघितलं तर तसाच थंड, तसाच खरखरीत. तिथला बेसाल्ट, आपलाही बेसाल्ट. फरक एवढाच, की आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवलेला, आणि त्यांची जमीन अजून दर वर्षी साधारण दोन सेंटिमीटर फाटत चालली आहे, खालून तप्त रस वर येतोय. कांडीतला पांढरा भाग म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा झालेला चुनखडीसारखा दगड. २०१२ साली जो वायू जमिनीत सोडला, त्यातला पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत दगड झाला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

गाइड तरुण मुलगी होती, शांतपणे उत्तरं देणारी. माझी मुलगी मधे भाषांतर करत होती. मी विचारलं, "बोअर कोरडा गेला तर पैसे कोण भरतं?" गाइडने आधी मी कोण हे विचारलं. बोअरवाला आहे म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. ती म्हणाली, इथला खरा प्रश्न हाच होता.

तेलावरच्या वीजघरात इंधनाचे पैसे रोजच्या रोज लागतात. इथे तीस वर्षांच्या इंधनाचे पैसे आधी जमिनीत घालायचे आणि मग बघायचं, खाली काय आहे. एक बोअर मारायला महिना-दीड महिना लागतो. खडक गरम निघाला पण त्यात पाणीच खेळत नसलं, तर सगळं गेलं. त्यामुळे वाफ फुकट असूनही वीज महाग पडते, कारण पैसे लावणारा घाबरतो आणि घाबरलेला सावकार व्याज वाढवून लावतो. आइसलँड सरकारने ही भीतीच आपल्या अंगावर घेतली. १९६७ साली त्यांनी दोन जुने निधी एकत्र करून ऊर्जा निधी काढला. गावांना, कंपन्यांना शोधासाठी आणि बोअरसाठी त्यातून कर्ज. वाफ लागली तर कर्ज फेडायचं. ठरल्याप्रमाणे नाही लागली तर ते कर्ज अनुदान समजायचं. त्याच वर्षी राष्ट्रीय ऊर्जा प्राधिकरण उभं केलं, त्यांच्या भूशास्त्रज्ञांनी देशभर जमीन तपासली, नकाशे केले. म्हणजे अंदाजाने भोक पाडायची वेळ कमी आली, आणि पाडूनही चुकलं तर माणूस बुडाला नाही.

मुलीने हे वाक्य मराठीत सांगितलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बसलो.

आटपाडीकडचा एक शेतकरी होता. तिसरा बोअर. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दिलेली, पतसंस्थेचं कर्ज, घरातले दागिने गहाण. साडेसहाशे फुटांवरही नुसती भुकटी उडत होती. त्याची बायको पदर नाकाला लावून बांधावर उभी होती. कॉम्प्रेसर बंद केल्यावर ती काही बोलली नाही. आत गेली आणि आम्हा सगळ्यांसाठी चहा टाकला. मी फुटाप्रमाणे पैसे घेतले, माझं डिझेल जळलं होतं, पोरांचा पगार होता. पण त्या चहाची चव माझ्या तोंडातून गेलेली नाही. कोरड्या बोअरचं ओझं एकट्याच्या डोक्यावर ठेवायचं नसतं, ही गोष्ट एखादा देश साठ वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवतो, हे ऐकून मला रडू आलं. ते लपवत नाही.

आणि ते पैसे वाया गेले का? रेक्याविकमध्ये १९३० साली धुणी धुण्याच्या गरम झऱ्यांजवळच्या बोअरचं पाणी तीन किलोमीटर नेऊन एक शाळा आणि साठ-सत्तर घरं तापवली, तिथून सुरुवात. तरी १९७३ ला तेलाचे भाव भडकले तेव्हा निम्मा देश तेलावरच घरं तापवत होता. मग सरकारने जोर लावला. आज दहातली नऊ घरं जमिनीच्या उष्णतेवर आहेत, तेल नावापुरतं.

संशोधन अजून थांबलेलं नाही. खोल बोअरचा एक प्रकल्प आहे, त्यात वीज कंपन्यांबरोबर सरकारी ऊर्जा प्राधिकरणही होतं. २००९ साली क्राफ्ला इथे त्यांना साडेचार किलोमीटर जायचं होतं. २.१ किलोमीटरवरच बिट, म्हणजे दगड फोडणारं टोक, अडकायला लागलं आणि वर काचेचे तुकडे आले. शिलारस लागला होता, तोच निवून काच झाला होता! मी आयुष्यभर वर येणारा चुरा मुठीत घेऊन खालचा थर ओळखत आलो: मुरूम, तांबडा पट्टा, काळा पाषाण. काच आली असती तर मी गाडी तिथेच सोडून पळालो असतो. त्यांनी त्याच बोअरमधून ४५० अंशांच्या वर तापलेली वाफ काढली. २०१२ मध्ये व्हॉल्व्ह बिघडल्यावर तो बंद करावा लागला. २०१७ ला रेक्यानेस इथे ४,६५९ मीटरपर्यंत गेले. हिशोब सरळ आहे. एका बोअरमधून नेहमीच्या कितीतरी पट ताकद मिळाली, तर बोअर कमी लागतील आणि युनिट स्वस्त पडेल. आमच्या धंद्यातही दहा बोअरच्या पाण्यापेक्षा एक चांगला लागलेला बोअर परवडतो.

हे ज्ञान त्यांनी दडवून ठेवलेलं नाही. १९७९ पासून आइसलँडमध्ये बाहेरच्या देशांतल्या इंजिनिअरांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण चालतं. केनियाचे बरेच जण तिथे शिकले. केनिया सरकारने २००८ मध्ये स्वतःची कंपनीच काढली, ती बोअरचा धोका घेते आणि निघालेली वाफ वीज करणाऱ्यांना विकते. आपल्याकडे लडाखमधल्या पुगा खोऱ्यातल्या अशाच वीजघरासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला, पहिला टप्पा एक मेगावॅटचा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरणही आणलं. कोकणात तुरळ, उन्हवरे, वज्रेश्वरी इथे गरम पाणी शेकडो वर्षं वाहतंय. आइसलँडइतकी उष्णता तिथे नाही, हे मला कळतं. पण काजू वाळवायला, मासे सुकवायला तेवढ्याने भागेल का, हे बघायला कुणीतरी सरकारी खर्चाने बोअर मारून बघावेत, आणि कोरडे गेले तरी त्या अधिकाऱ्याला कुणी धारेवर धरू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रदर्शनाबद्दल आणखी थोडं. फलक वाचायला इंग्रजी येणारं माणूस बरोबर असू द्या. मला स्वतःला बोअर मारण्याच्या कामावर अजून बघायला आवडलं असतं, रॉड कसे जोडतात, केसिंग, म्हणजे भोकातला आधाराचा पाइप, कसं बसवतात. साधारण पाहुण्याला तास-दीड तास पुरतो, मी साडेतीन तास होतो. पोरांना नक्की न्या, काचेतून टर्बाइन बघून ती हरखून जातात. वाऱ्यासाठी कानटोपी ठेवा. गाइड मोकळा असेल अशा वेळी जा आणि मनात येईल ते विचारा. निघताना आमच्या गाइडने मला विचारलं, तुमच्या सगळ्यात खोल बोअरला पाणी लागलं का? मी म्हटलं, हो, अकराशे फुटांवर, दोन इंच. तिने तो आकडा आपल्या वहीत लिहून घेतला.