१६ इंची स्क्रोल सॉ : जाळीकामासाठी अनेक महिने वापरल्यावर

लाकडात जाळी कापायची आहे, नावाच्या पाट्या, पझल, छोटी खेळणी असं काही स्वतः करून बघायचं आहे, अशा सगळ्या हौशी मंडळींसाठी हा अनुभव जरा सविस्तर लिहितेय. स्क्रोल सॉ म्हणजे उभं बारीक ब्लेड वरखाली हलवून लाकडात नक्षी कापणारं करवतीचं मशीन. माझं मशीन घरगुती वापराच्या वर्गातलं, १६ इंची. म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत ४०६ मिलिमीटर जागा. ब्लेडची वरखाली चाल १९ मिलिमीटर, वेग मिनिटाला साधारण ४०० ते १६०० फेऱ्या, टेबल डावीकडे ४५ अंशांपर्यंत झुकतं, आणि ५० मिलिमीटर जाडीपर्यंतचं लाकूड कापता येतं असं माहितीपत्रकात लिहिलंय. या वर्गातल्या बहुतेक मशीनचे आकडे थोड्याफार फरकाने असेच असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून निवड करता येत नाही. रोजच्या कामात खरा फरक पडतो तो ब्लेड धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पमुळे. मशीन बघायला गेलात तर मोटर चालू करायला सांगण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने ब्लेड काढून परत लावून बघा.

जाळीकामात प्रत्येक बंद जागेसाठी बारीक भोक पाडायचं, ब्लेडचं वरचं टोक सोडवायचं, फळी ब्लेडवर ओवायची, टोक पुन्हा अडकवायचं, ताण द्यायचा आणि मग कापायचं. तेवढा तुकडा गळून पडला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. वेलबुट्टीच्या मध्यम आकाराच्या पॅनेलमध्ये अशी शे-दीडशे भोकं सहज निघतात. प्रत्येक वेळी क्लॅम्पवर अर्धा मिनिट गेला तर दीडशे भोकांचा सव्वा तास होतो, आणि त्या सव्वा तासात लाकूड एक मिलिमीटरही कापलं जात नाही. माझ्या मशीनचा मूळ क्लॅम्प अ‍ॅलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, आवळायचा होता. काही आठवड्यांतच त्या स्क्रूची षटकोनी खाच आतून झिजून गोल झाली आणि किल्ली नुसतीच फिरायला लागली. त्या जागी बोटांनी फिरवता येईल असा मोठ्या डोक्याचा स्क्रू बसवला आणि तेव्हापासून काम एकदम हलकं झालं. मशीनचा वरचा हात उचलून धरता येतो की नाही हेही बघून घ्या. येत असेल तर फळी खाली टेबलवर राहते आणि ब्लेड वरून भोकात सोडता येतं. मोठं पॅनेल हातात उचलून खालून ओवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

ब्लेड दोन प्रकारची येतात, टोकाला आडवी पिन असलेली आणि साधी. लांबी दोन्हींची ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. पिनचं ब्लेड लावायला सोपं असतं, पण पिन आत जाण्यासाठी जवळपास ५ मिलिमीटरचं भोक लागतं. एवढ्या भोकात पाकळीचं टोक किंवा अक्षराची बारीक गाठ मावतच नाही. साध्या टोकाचं बारीक ब्लेड एक ते दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. ज्या मशीनला फक्त पिनचीच ब्लेड लागतात ते जाळीकामासाठी घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन. माझ्या मशीनला दोन्ही चालतात, पण पिनची ब्लेड डब्यात तशीच पडून आहेत.

साध्या ब्लेडला नंबर असतात. नंबर जितका मोठा तितकं ब्लेड रुंद आणि दात मोठे. ३ मिलिमीटर प्लायवूडला मी १ किंवा २ नंबर लावते, ६ मिलिमीटरला ३ नंबर, वीसेक मिलिमीटर जाडीच्या सागवानाला ५ किंवा ७, आणि त्याहून जाड ठोकळ्याला ९. एकच नंबर घ्यायचा असेल तर ५ घ्या. साधारण एक मिलिमीटर रुंद, बऱ्याच कामांना पुरतो. दात उलटे असलेली, म्हणजे खालचे शेवटचे काही दात वर तोंड करून असलेली ब्लेड प्लायवूडसाठी फार उपयोगी. ब्लेड वर येताना ते दात फळीची खालची बाजू स्वच्छ कापतात आणि कुसळं निघत नाहीत. पण ब्लेड लावताना मशीनचा हात अगदी वरच्या टोकाला नेऊन बघायचं की असे दोन-तीन दात टेबलच्या वर येतायत का. आले नाहीत तर ते नुसतेच टेबलखाली हलत राहतील. आणि दात कोणत्या बाजूला आहेत हे बारीक ब्लेडवर डोळ्यांना दिसत नसेल तर ते कापडावरून अलगद ओढा. दातांच्या रोखाने ओढलं की अडकतं, उलट ओढलं की सरकतं.

नव्या ब्लेडवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो. ते तसंच लावलं तर क्लॅम्पमधून निसटतं आणि आपल्याला वाटतं क्लॅम्पच बिघडला. दोन्ही टोकं स्पिरिटने पुसायची, आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदोनदा घासायची. क्लॅम्पच्या आतल्या तोंडावरही तोच पेपर फिरवला की पकड घट्ट बसते. ज्यांचं ब्लेड सारखं निसटतं त्यांनी मशीनला दोष देण्याआधी एवढं करून बघावं.

ताणाबद्दल बोलायलाच हवं, कारण ब्लेड तुटण्याची निम्मी कारणं तिथेच असतात. ताण कमी पडला की ब्लेड कापताना वळतं, कड तिरकी येते आणि वळणावर ब्लेड तुटतं. जास्त झाला तर क्लॅम्पपाशी तुटतं. बोटाने मधोमध दाबल्यावर ब्लेड तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू नये, आणि नखाने छेडलं तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ सूर यावा. आवाज बद्द आला तर अजून आवळा. माझ्या मशीनवर ताणाची खूण छापलेला दट्ट्या आहे, पण प्रत्येक नंबरच्या ब्लेडला ताण वेगळा लागतो, त्यामुळे मी त्या खुणेकडे बघतच नाही. कानावर विसंबते.

टेबल सरळ आहे का हे तपासायची एक युक्ती इथे सगळ्यांना द्यायचीच होती. झुकाव दाखवणारी पट्टी या वर्गातल्या मशीनवर अगदी ढोबळ असते, आणि काटकोन तपासायचा गुण्या लावायचा तर वरचा हात आडवा येतो. म्हणून तीनेक सेंटिमीटर जाडीचा एक टाकाऊ ठोकळा घ्या. समोरून ब्लेडने त्याच्या कडेला दोन मिलिमीटर खोल खाच पाडा. मशीन बंद करा, ठोकळा टेबलवरूनच सरकवत ब्लेडच्या मागे न्या आणि तीच खाच ब्लेडच्या पाठीला टेकवा. ब्लेड वरपासून खालपर्यंत खाचेत अलगद बसलं तर टेबल काटकोनात आहे. वर बसलं आणि खाली अडलं, किंवा उलट झालं, तर टेबल जरासं हलवा आणि नवी खाच पाडून पुन्हा बघा. पझल करणाऱ्यांना ही तपासणी टाळता येत नाही. टेबल किंचित कललेलं असलं तर तुकडे एका बाजूने बसतात आणि दुसऱ्या बाजूने निघतच नाहीत.

आता ब्लेडच्या ओढीबद्दल. नवीन माणूस सरळ रेषा कापायला बसतो आणि ब्लेड उजवीकडे पळतं. ठोकून बनवलेल्या ब्लेडच्या एका कडेला बारीक खरखरीत बूर राहतो, ती बाजू जास्त कापते, म्हणून ही ओढ येते. फळी काही अंश तिरकी धरून ढकलली की रेषा सापडते. नवीन ब्लेड लावलं की मी आधी टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेषा कापून ओढ किती आहे ते बघते. ग्राइंड केलेल्या ब्लेडमध्ये ती पुष्कळच कमी असते. स्वित्झर्लंडमध्ये बनणारी पेगासची ब्लेड वापरल्यावर मला हा फरक पहिल्याच वळणावर जाणवला.

ब्लेड दर थोड्या दिवसांनी फेकावी लागतात आणि हाच या छंदातला कायमचा खर्च. त्यावर एक उपाय आहे. चाल १९ मिलिमीटर आणि फळी ६ मिलिमीटर, म्हणजे १२७ मिलिमीटरच्या ब्लेडमधला जेमतेम २५ मिलिमीटरचा पट्टा झिजतो. बाकीचे दात नवेच असतात. मी टेबलवर १८ मिलिमीटर प्लायवूडचा एक जादा तुकडा बसवते. मधे ब्लेडपुरतंच भोक, त्यामुळे बारीक कामालाही खालून चांगला आधार मिळतो. पहिली धार गेली की हा तुकडा चढवायचा आणि वरचे दात वापरायचे. फक्त तेव्हा खालचे उलटे दात कामात येत नाहीत, त्यामुळे फळीच्या मागच्या बाजूला कुसळं निघू शकतात.

सागवान ब्लेड लवकर खातं, कारण त्यात सिलिका असते. शिसम कठीण आणि त्याच्या भुशाने काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. शिकण्यासाठी आणि जाळीसाठी बर्च प्लायवूडइतकं चांगलं मला दुसरं काही सापडलं नाही. थर एकसारखे, आत पोकळी नाही. स्वस्त प्लायमध्ये आतला थर मधेच तुटलेला असतो, आणि नेमकी तिथेच नाजूक पाकळी आली तर ती हातात येते.

नक्षीचा कागद थेट लाकडावर चिकटवू नका. आधी मास्किंग टेप लावा, त्यावर स्प्रे गोंदाने कागद. काम झालं की सगळं एकत्र सोलून निघतं. कठीण लाकूड कापताना कड काळी पडत असेल तर कागदावरून पारदर्शक पॅकिंग टेप लावा, जळणं बरंच थांबतं. आतली भोकं आधी कापायची, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला यायचं, आणि बाहेरची रेषा सगळ्यात शेवटी. तोपर्यंत फळी मजबूत राहते.

सगळ्यात जास्त आनंद मला दिला तो तिरक्या जडावाने. दोन वेगवेगळ्या रंगांच्या ६ मिलिमीटरच्या फळ्या एकमेकींवर चिकटवायच्या, टेबल साधारण ३ अंश झुकवायचं, २ नंबरच्या ब्लेडने आकृती कापायची. ब्लेडने खाल्लेली जागा त्या तिरकेपणामुळे भरून निघते आणि एका फळीतला तुकडा दुसऱ्या फळीच्या भोकात बुचासारखा घट्ट बसतो, फटीशिवाय. आकृतीभोवती एकाच दिशेने फिरायचं. उलट फिरलं तर तुकडा आरपार निघून जातो. कोन ब्लेडच्या जाडीवर आणि लाकडाच्या जाडीवर ठरतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांवर एक छोटं वर्तुळ कापून बघायचं. एकावर एक ठेवून दोन वस्तू एकत्र कापण्याची ही कल्पना फार जुनी. चौदाव्या लुईच्या दरबारी फर्निचर करणारा आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) कासवाची पाठ आणि पितळेचा पत्रा असेच एकत्र कापायचा. त्यातून एकाच नक्षीच्या दोन जोड्या निघत, एकीत पितळेची नक्षी कासवाच्या पाठीवर, दुसरीत बरोबर उलट. त्याच्याकडे हातकरवत होती. हे कळल्यापासून मी जडावातला उरलेला जोडही फेकत नाही, त्याचीही पाटी होते.

ठोकळ्याची दोन बाजूंनी कापलेली खेळणीही छान होतात. लगतच्या दोन बाजूंवर नक्षी चिकटवायची, एक बाजू कापून सगळे तुकडे टेपने पुन्हा जागच्या जागी बांधायचे, मग दुसरी बाजू. टेप काढली की आतून हरीण बाहेर येतं. मुलांना दाखवायला याहून चांगलं काही नाही.

तक्रारी आहेतच. हे मशीन भरपूर थरथरतं. स्टँडला बोल्टने घट्ट बसवून मधे रबराची पट्टी घातल्यावर ते निम्म्याने कमी झालं, पण मधल्या एका वेगावर अजूनही टेबलवरची पेन्सिल चालायला लागते. त्याच्या थोडं वर किंवा खाली काम करावं लागतं. भुसा उडवणारी नळी इतकी मऊ की सतत खाली वाकते. सोबत आलेला दिवा बिनकामाचा, वेगळा वाकवता येणारा दिवा लागलाच. १६ इंचांत मोठी पाटी फिरवता येत नाही, मागचा खांब आडवा येतो. तिथे सगळ्या बाजूंनी दात असलेलं पीळदार ब्लेड लावून फळी न फिरवता कापता येतं, पण कड खडबडीत येते आणि पॉलिश पेपरचं काम वाढतं. मोठ्या पाट्या हेच मुख्य काम असेल तर २० इंचीच बघा. पायाने दाबायचा स्विच मात्र प्रत्येकाने जोडावा, दोन्ही हात फळीवर राहतात.

धुळीबाबत मी अजिबात सवलत घेत नाही. या मशीनचा भुसा पिठासारखा बारीक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलंय. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डमध्ये, भर म्हणून फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. चांगला मास्क, चष्मा आणि टेबलखाली व्हॅक्यूमची नळी, एवढं होईपर्यंत मशीन चालू करू नका. जवसाचं तेल लावत असाल तर तेलाची फडकी गोळा करून टोपलीत टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एकंदरीत, एवढे महिने वापरून मी हे मशीन बदलायचा विचार केलेला नाही. जाळी, जडाव, पझल, खेळणी हे सगळं त्यावर नीट होतं, अट एवढीच की वरचा क्लॅम्प आणि टेबल आधी ताळ्यावर आणायचं. घेणार असाल तर मशीनसोबतच क्लॅम्पचे दोन स्क्रू जास्तीचे मागून घ्या, आणि ३ व ५ नंबरची प्रत्येकी एक डझन ब्लेड. पहिल्या महिन्यात ती संपतात.