जुन्या गाडीच्या हेडलाइटसाठी रिले किट, नवे दिवे आणि एलईडी बल्ब : वापरानंतरचे मत

जुन्या गाडीचा उजेड वाढवण्यासाठी बाजारात जे काही मिळते, त्यातल्या चार वस्तू मी एकेक करून बसवून पाहिल्या : रिलेसह (रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) तयार वायरिंगचा किट, काचेचे नवे दिवे, जादा उजेडाचा दावा करणारे हॅलोजन बल्ब आणि हॅलोजनच्या जागी थेट बसणारे एलईडी बल्ब. गाडी तीस वर्षांची आहे. पुढे सात इंची गोल दिवे आहेत आणि त्यांत एच४ बल्ब बसतो, म्हणजे अप्परचे (लांबच्या झोताचे) ६० वॅटचे आणि डिपरचे (खालच्या झोताचे) ५५ वॅटचे फिलामेंट एकाच बल्बमध्ये असते. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि नंतर त्याच भिंतीवर व त्याच अंधाऱ्या रस्त्यावर उजेड पाहायचा, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला, कारण सगळे एकदम बदलले की कोणत्या वस्तूने काय केले हे कळण्याचा मार्गच उरत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीत उजेड कमी पडतो तो बहुतेक वेळा बल्ब कमकुवत असतो म्हणून नव्हे, तर बल्बपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही आणि रिफ्लेक्टरची, म्हणजे प्रकाश पुढे फेकणाऱ्या दिव्यातल्या आरशाची, चमक गेलेली असते म्हणून; त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर ते आधी वायरिंगवर, मग दिव्यावर आणि सर्वांत शेवटी बल्बवर घालावेत.

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी मल्टिमीटरने एक साधी मोजणी करावी, असा माझा आग्रह आहे. इंजिन चालू ठेवून डिपर लावला, तेव्हा माझ्या गाडीच्या बॅटरीवर १३.७ व्होल्ट दिसत होते, आणि बल्ब पेटलेला असतानाच होल्डरच्या मागच्या बाजूने मोजले तर तेथे केवळ १२.१ व्होल्ट होते. दीड व्होल्टाचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तर व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरले की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. या हिशेबाने माझ्या गाडीचे दिवे जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच गमावत होते, आणि अशा स्थितीत कितीही महागडा बल्ब लावला असता तरी त्याचीही तीच गत झाली असती.

हे व्होल्टेज नेमके कोठे मुरते, हे गाडीची जुनी वायरिंग उघडली की डोळ्यांना दिसते. दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा ॲम्पिअर प्रवाह बॅटरीपासून निघून फ्यूजच्या खोक्यातून डॅशबोर्डावरच्या स्विचपर्यंत, तेथून स्टिअरिंगखालच्या अप्पर-डिपरच्या दांडीपर्यंत आणि मग पुन्हा गाडीच्या तोंडापर्यंत, तशा बारीकच तारांमधून, पाच-सहा जोड ओलांडत प्रवास करतो. माझ्या गाडीत दिवे काही वेळ चालू ठेवल्यावर दांडीच्या मागची बाजू बोटांना स्पष्ट गरम लागत असे. उजव्या दिव्याचा प्लास्टिकचा होल्डर कडांना तपकिरी होऊन इतका ठिसूळ झाला होता, की बल्बवरून ओढताना त्याचा एक कोपरा हातात आला. आतल्या पितळी पट्टीची चमक गेलेली होती आणि ती ढिली पडली होती. अर्थिंगची, म्हणजे प्रवाह गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या तारेची, अवस्था त्याहून वाईट होती, कारण ती तार बॉडीच्या ज्या स्क्रूखाली कसलेली होती, त्याभोवती गंज धरला होता. अर्थिंगकडे सहसा कोणीच पाहत नाही आणि निम्मे नुकसान तेथेच होत असते.

रिले किट हा आजार मुळापासून दूर करतो, आणि चारही वस्तूंमध्ये मी त्याला सर्वांत वरचे स्थान देतो. किटमध्ये दोन रिले, बॅटरीजवळ बसणारा फ्यूज, जाड तारा, सिरॅमिकचे दोन होल्डर आणि गाडीच्या मूळ होल्डरमध्ये खोचायचा एक प्लग असतो. दिव्यांचा सगळा प्रवाह आता बॅटरीपासून जाड तारेने थेट दिव्यांकडे जातो आणि जुन्या वायरिंगला फक्त रिले चालू करण्यापुरता, पाव ॲम्पिअरच्या आसपासचा प्रवाह वाहावा लागतो. गाडीची मूळ तार कोठेही कापावी लागत नाही, त्यामुळे उद्या पुन्हा पूर्ववत करायचे म्हटले तरी काही बिघडलेले नसते. जुनी गाडी जपणाऱ्या माणसासाठी हा गुण मी फार मोठा मानतो. किट बसवल्यानंतर होल्डरवर १३.४ व्होल्ट मिळू लागले, म्हणजे तोच जुना बल्ब आधीपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक उजेड देऊ लागला. पिवळट, मरगळलेला प्रकाश जाऊन तो स्वच्छ झाला, आणि रस्त्याच्या कडेचे खड्डे व मैलाचे दगड पुष्कळ आधी दिसू लागले.

किटमध्ये उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. अर्थिंगच्या तारांना लावलेल्या गोल टर्मिनलांचे क्रिंपिंग, म्हणजे तारेवर दाबून बसवण्याचे काम, कच्चे होते. हाताने ओढल्यावर एक तार निसटलीच, म्हणून ती सर्व टर्मिनले मी कापून टाकली आणि नवी, चांगल्या पकडीने दाबून बसवून घेतली. रिले पाण्यापासून सुरक्षित असल्याचे वेष्टनावर लिहिलेले असले, तरी त्यांच्या तळाशी रबरी सील नव्हते, त्यामुळे ते पाय खाली येतील अशा रीतीने आणि पाणी उडणार नाही अशा उंचीवरच कसावेत. तारांची लांबी मात्र समाधानकारक होती आणि सिरॅमिक होल्डर खरोखरच चांगल्या प्रतीचे निघाले. खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासणे अत्यावश्यक आहे. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या जपानी रचनेच्या गाड्यांत, स्विच दिव्याच्या धन बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो, आणि अशा गाडीला नेहमीचा किट लावला तर रिले नीट काम करत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या जोडणीचा किट मिळतो. कोणत्या पद्धतीची वायरिंग आहे हे ऑटो इलेक्ट्रिशियनला दोन मिनिटांत सांगता येते, तेव्हा पैसे देण्याआधी त्याला विचारावे.

दुसरी वस्तू म्हणजे नवे दिवे. जुन्या दिव्याचा रिफ्लेक्टर बल्ब काढून आत पाहिल्यावर राखाडी दिसत होता आणि खालच्या अर्ध्या भागात पापुद्रे सुटले होते. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर अतिशय पातळ असतो. तो फडक्याने पुसून चकचकीत करू म्हटले, तर उरलासुरला थरही निघून येतो. त्यामुळे रिफ्लेक्टर गेला की दिवा बदलणे हाच उपाय उरतो. सात इंची गोल दिवा हे प्रमाणित माप असल्याने तो सहज मिळतो, पण निवड डोळसपणे करावी लागते. काचेवर वर्तुळातल्या ई या अक्षरासोबत देशाचा क्रमांक, म्हणजे प्रमाणन झाल्याची खूण, कोरलेली असली पाहिजे. शिवाय डिपरचा झोत ज्या बाजूने वाहने चालतात त्या बाजूच्या कडेकडे वर चढणारा असतो. डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी वेगळी काच आणि उजव्या बाजूसाठी वेगळी. चुकीची काच आली तर आपला झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मी घेतलेल्या दिव्यांची काच जाड आणि रिफ्लेक्टर निर्दोष होता, मात्र मागच्या रबरी टोपीचे भोक सैल होते, म्हणून जुन्या दिव्याच्या टोप्या धुऊन मी त्याच परत वापरल्या. भिंतीवरचा फरक मोठा होता : पूर्वी डिपरचा उजेड एका विस्कटलेल्या ढगासारखा पसरत असे, आता त्याला वरच्या बाजूने आखून काढल्यासारखी कड आली.

ज्यांच्या गाडीला काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे दिवे आहेत, त्यांचे दुखणे बहुधा वेगळे असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा संरक्षक थर झिजून दिवा पिवळा पडतो. पाण्याच्या पॉलिश पेपरने खरखरीतपासून बारीकपर्यंत क्रमाने घासून पॉलिश केले की तो पुन्हा पारदर्शक होतो, पण त्यावर अतिनील किरणे रोखणारा नवा थर दिला नाही, तर थोड्याच काळात तो पुन्हा पहिल्यासारखा होतो. हा थर नसलेले स्वस्तातले किट घेऊ नयेत.

जादा उजेडाचे हॅलोजन बल्ब मला ठीक वाटले, त्याहून अधिक नाही. त्यांच्या वेष्टनावरची मोठी टक्केवारी एकूण उजेडाची नसते, तर झोतातल्या ठरावीक जागेवरच्या उजेडाची असते. प्रमाणित एच४ बल्बचा एकूण उजेड १३.२ व्होल्टला डिपरवर १००० आणि अप्परवर १६५० लुमेनच्या (लुमेन हे उजेडाचे एकक) जवळपास राहणे नियमाने बंधनकारक आहे. फिलामेंट अधिक तापवून आणि नेमक्या जागी बसवून हे बल्ब लांबचा उजेड वाढवतात, आणि त्याची किंमत आयुष्य घटून द्यावी लागते. रिले किट लावलेल्या गाडीत तर हे आयुष्य आणखी आखडते, कारण व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले की हॅलोजन बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून किट बसवल्यावर चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५ वॅटचा बल्ब मला सर्वांत समतोल वाटला आणि आजही गाडीत तोच आहे. निळ्या रंगाचा मुलामा दिलेले बल्ब घेऊ नयेत, कारण तो मुलामा उजेडाचाच काही भाग गिळतो. १००/९० वॅटचे बल्ब तर कोणी फुकट दिले तरी लावू नयेत, कारण ते होल्डर वितळवतात, रिफ्लेक्टर जाळतात आणि समोरच्याला आंधळे करतात. कोणताही बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. त्वचेचे तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब अकाली जातो.

एलईडी बल्बविषयी लोकांना सर्वांत अधिक उत्सुकता असते, आणि माझा विरोधही त्यालाच सर्वांत अधिक आहे. बसवल्याबरोबर गाडीसमोर पांढराशुभ्र उजेड पडतो आणि माणूस खूश होतो. पण तो उजेड जवळच्या आठ-दहा मीटरमध्येच साठलेला असतो. जवळची जमीन फार उजळली की डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते आणि लांबचे पूर्वीपेक्षाही कमी दिसते. याचे कारण रचनेत आहे. हॅलोजनचे फिलामेंट सर्व बाजूंनी प्रकाश टाकणारी एक बारीक सळई असते आणि दिव्याचा रिफ्लेक्टर त्या सळईच्या जागेसाठी, मिलिमीटरच्या अंशापर्यंत, आखलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे प्रकाश जाऊ देत नाही आणि त्यातूनच झोताची स्वच्छ वरची कड तयार होते. एलईडीच्या चकत्या मात्र एका पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या असतात, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या काही भागांवर प्रकाशाचा मारा होतो आणि काही भाग उपाशी राहतात. भिंतीवर पाहिले तेव्हा झोतात दोन प्रखर डाग, त्यांच्यामध्ये अंधारी चीर आणि कडेच्या वर बराच सांडलेला उजेड स्पष्ट दिसला. तो सांडलेला उजेड समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जातो, आणि केवळ एवढ्या एका कारणासाठी मी ते बल्ब काढून ठेवले. ओल्या काळ्या रस्त्यावर तर त्यांचा उजेड शोषला गेल्यासारखा वाटे. मागच्या पंख्यामुळे रबरी टोपी नीट बसत नव्हती, आणि टोपी बसली नाही की दिव्यात ओल शिरते. कारखान्यातूनच एलईडीसाठी आखलेला संपूर्ण दिवा ही निराळी आणि चांगली वस्तू आहे. आक्षेप आहे तो हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब खोचण्याला. असे बल्ब अनेक देशांत रस्त्यावर वापरण्यास कायद्याने मनाईही आहे.

यांपैकी काहीही बदलले तरी नंतर फोकस लावून घेतल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागी एक माणूस बसवून, सपाट जागेत गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्यबिंदूची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी आणि डिपरच्या झोताची सपाट कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली येईल असे दिव्याचे स्क्रू फिरवावेत. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. मागे नेहमी जड सामान असणाऱ्यांनी त्या वजनासह फोकस तपासावा, कारण मागची बाजू दबली की पुढचा झोत वर उचलला जातो.

रिले किट प्रत्येकालाच लागेल असे नाही. अनेक गाड्यांत कारखान्यातूनच रिले बसवलेले असतात, आणि मोजणीत बॅटरी व होल्डर यांमधला फरक अर्ध्या व्होल्टाच्या आत आला, तर किटवरचा खर्च अनाठायी ठरेल. अशा वेळी अर्थिंगचे स्क्रू काढून गंज घासावा, होल्डर नवे घालावेत, दिव्याची काच आणि रिफ्लेक्टर तपासावेत. फरक एक व्होल्ट किंवा त्याहून अधिक असेल, तर मात्र बल्बच्या दुकानात जाण्याआधी किटच घ्यावा आणि बसवण्यापूर्वी त्याचे प्रत्येक टर्मिनल हाताने ओढून पाहावे.